शरणम्माचा बधिर ओठ

अक्कलकोट रोडवर डॉक्टर देवयानीबाईंचा दातांचा दवाखाना जुना. समोर, रस्त्यापलीकडे, पायलचा जेमतेम वर्षाचा. पायल आधी बाईंच्याच हाताखाली होती. आरसा धर, लाळ ओढायची नळी धर, असं करत शिकली. मग रूट कॅनालची वेगळी पदवी घेऊन आली, पाटीवर तसं लिहिलं आणि समोरच येऊन बसली. हीच पदवी घ्यायला बाईंच्या मुलाने, अनीशने, दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्हीदा जागा हुकली होती. त्यामुळे पायलच्या दारात चपलांची गर्दी दिसली की बाईंच्या पोटात दुखायचं. त्यांनी खिडकीला पडदा लावून घेतला होता, पण नजर फटीतून जायचीच.

त्या दिवशी वळसंगहून शरणम्मा आली. जुनी पेशंट. एका हातात उजवा गाल, दुसऱ्या हातात बर्फाच्या पाण्याची बाटली. घोट घेतला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणून एसटीतही बाटली तोंडाला.

"काल समूर गेलते," ती म्हणाली. "तुमचं बंद हुतं की. ती पोरगी म्हणली, खात्री झाल्याबगर दाताला हात लावत न्हाय. उद्या बर्फाचं पाणी न पिता या, मग बगते."

"मग तिकडंच जायचं होतं."

"पाण्याबगर कुटं ऱ्हावतंय? आन् तुमी कसं, लगेच करता."

बाईंचा जीव सुखावला. एवढं शिकून आली आणि साधा दात ओळखता आला नाही.

शरणम्माचं बोट खालच्या दाढेवर होतं. तिथं मिश्रीने काळवंडलेली थोडी कीडही होती. वरची दाढ जुनी चांदी भरलेली, दिसायला ठणठणीत. दाताच्या आतली नस दुखते तेव्हा माणसाला नेमकी जागा सांगता येत नाही, वरचं दुखणं खालीही भासतं, हे पायलला एकेकाळी बाईंनीच शिकवलं होतं. थंड लावून बघायचं, गरम लावून बघायचं, मगच ठरवायचं. पण आज त्यांना घाई होती. त्यांनी खाली भूल दिली आणि मशीन हातात घेतलं.

"ओठ जड झाला?"

"निम्मा गेलाच. पर ठणका हाय तसाच हाय की."

मशीन हातातच राहिलं. दाढ बधिर झाली तरी ठणका चालूच, म्हणजे तो त्या दाढेचा नव्हताच. बाईंनी बाटली काढून घेतली, थंडावा उतरायला जरा वेळ जाऊ दिला आणि वरच्या दाढेला गरम लावलं. शरणम्मा खुर्चीतून उठलीच. कळ ओसरेना; पाण्याचा घोट दिला तेव्हा कुठे ती टेकली. चांदीखाली नस इतकी बिघडली होती की ती काढण्यावाचून इलाज नव्हता. एक्स-रेत मुळं आकड्यासारखी वळलेली. हे काम पायलचं, तिच्या सूक्ष्मदर्शकाचं.

पण शरणम्माचा खालचा ओठ लोंबत होता. तो बघताच पायलला सगळं कळलं असतं. भूल उतरेपर्यंत बसवून ठेवलं तर?

"बसा जरा बाहेर," बाई म्हणाल्या.

शरणम्मा बाकावर बसली. बाटलीतला बर्फ संपला, पाणी कोमट झालं, आणि ती भिंतीला डोकं टेकून कण्हू लागली. बाईंनी थोडा वेळ ते ऐकलं. मग चपला घातल्या.

"चला. मी येते सोबत."

पायलने ओठ बघितला, बाईंचं बोलणं ऐकून घेतलं. "बरं केलंत, मॅडम. खाली भूल देऊन बघायचं माझ्याही मनात होतं. निम्मी तपासणी झाली."

आयता मोठेपणा मिळत होता. बाईंनी मान डोलावली.

"कसली तपासनी," शरणम्मा वाकड्या ओठाने म्हणाली. "बाई मशीन घिऊन बसल्या हुत्या. मी बोलले म्हणून ऱ्हायलं."

बाईंचे कान तापले. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "खालची दाढ उघडणारच होते."

पायलने वरच्या दाढेला भूल दिली. ती चढली तसा शरणम्माचा हात गालावरून खाली आला. पायलची मदतनीस सुट्टीवर होती.

"मॅडम, आरसा धराल?"

बाईंनी धरला. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर दाढेचा तळ दिसत होता. पायल नसेच्या शेवटच्या वाटेचं तोंड शोधत होती.

"डावीकडे, त्या रेषेत," बाई म्हणाल्या.

तोंड तिथेच होतं. ते आपल्याला आधी दिसलं याचं बाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.