देवराईतल्या लाल चिंध्या

लाल चिंधी बांधलेली वेल राखायची असते, एवढंही आता पाटी लिहून लावायचं का?

नमस्कार सगळ्यांना.

आमच्या श्रीवर्धनकडच्या देवराईत जत्रेआधी फक्त पालखीपुरती वाट मोकळी करतात. बाकी रानाला कोयता लावायचा न्हाय. वाटेच्या कडेला सापसंदीची वेल असली तर आदल्या दिवशी मी तिला लाल चिंधी बांधते. माझी सासूही बांधायची. काळ्या-तांबड्या फुलपाखराच्या अळ्या तिच्याशिवाय दुसरं पान तोंडात घेत न्हाईत, आणि गावात ती वेल उरलीय ती ह्याच रानात, तीही वाटेच्या कडेलाच.

यंदा जत्रेच्या कमिटीने वाट साफ करायला बाहेरून गवत कापायचे मशीनवाले आणले. आज सकाळी गेले तर चिंधीवाली एकही वेल उभी न्हाय.

"आजी, लाल खूण होती ते सगळं कापलं. एक पण सोडलं नाही," त्यातला एक म्हणाला. वर शाबासकीची वाट बघत उभा.

"मुडद्या, ती राखायची खूण होती!"

"मग सांगायचं ना."

खरंय त्याचं. चिंध्या बांधल्या मी, सांगितलं कोणाला न्हाय. आमच्यात सांगायची वेळच कधी आली नव्हती.

 खाली बसले आणि कापलेल्या पाल्यातून अळ्या वेचल्या. नऊ मिळाल्या. बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. तोडलेली पानं उद्यापर्यंत टिकतील, मग उपाशी.

ज्यांच्या परसात सापसंद जिवंत असेल त्यांनीच उत्तर द्या. हात जोडलेली चित्रं पाठवणाऱ्यांनी गप्प बसा.