मावशीच्या गाडीचा वेग

गोल्फच्या मैदानावर फिरते तसली ती छोटी, बिनदाराची गाडी आमच्या हॉस्पिटलात कुठून आली हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. पण ती मावशीची, हे पहारेकऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फाटकापासून टेकाडावरच्या वॉर्डांपर्यंत ज्यांना चालवत नाही, त्यांना मावशी वर पोचवायची. मी औषधांच्या खिडकीत बसतो आणि गाडीचा थांबा खिडकीसमोरच आहे, त्यामुळे तिचं तोंड दिवसभर माझ्या कानाशी.

"पाय आत घ्या, नाहीतर इथंच ठेवून जाईन," असं ती पेशंटला सांगायची. कोणाचं ऐकून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

गाडी मात्र थकली होती. अर्ध्या चढावर दम टाकायची, मग पेशंटच्या नातेवाइकांनी उतरून ढकलायचं. एकदा एका म्हाताऱ्याचा मुलगा ढकलता ढकलता चक्कर येऊन पडला आणि बापलेक दोघंही भरती झाले. तेव्हा कुठे व्यवस्थापकांना जाग आली. गाडीचा सांगाडा धड होता. मोटर, बॅटऱ्या, वायरी, सगळं नवं घालायचं ठरलं. असलं काम करणारा गावात एकच मिस्त्री. तो मावशीचा सख्खा धाकटा भाऊ, आणि दोघांत विस्तव जात नव्हता.

त्यांच्या वडिलांचं पंपांच्या जळलेल्या मोटरी नव्या तारा भरून द्यायचं दुकान होतं. मावशी लहानपणापासून तिथं स्टूल टाकून तांब्याच्या तारा गुंडाळायची. वडिलांनी अंथरूण धरलं, तसं भावाने त्यांच्या कानाशी लागून दुकान आपल्याकडे घेतलं. एका सकाळी मावशीचं स्टूल रस्त्यावर होतं. "बाईच्या हातात गिऱ्हाईक मोटर देत नाही," एवढंच तो म्हणाला. ती परत त्या दारात गेली नाही.

मिस्त्री आला, सीट उचलून आत बघितलं आणि मला म्हणाला, "वायरींना हिरवा गंज चढलाय. कोणी बघत नव्हतं का?"

"सांगा त्याला," मावशी मला म्हणाली, "बघत होते. ओरडतही होते. मोटरमधले कोळशाचे ब्रश बदल म्हणावं, तेवढं पुरे."

"सांगा तिला, नुसत्या ब्रशांनी भागणार नाही. मोटरच आतून झिजलीय."

मधे मी. हातातल्या गोळ्या मोजायच्या की यांचे निरोप पोचवायचे? मावशीने मोटर उघडायला लावली, आत अंगठा फिरवला, खाचा लागल्या तसा तो पदराला पुसला. भावाचं बरोबर होतं, पण तसं म्हणणं तिच्या जिवावर आलं.

काम चांगलं झालं, हे कबूल करायला हवं. नवी मोटर आली, जड बॅटऱ्यांच्या जागी हलकी लिथियमची एकच पेटी आली, बोटभर जाड वायरी आल्या. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा एक खोका सीटखाली बसला. चार माणसं घेऊन गाडी न थांबता टेकाड चढली आणि उतरताना आपली आपणच आवरत खाली आली.

पण सपाटीवर ती मुंगीच्या पावलाने जाऊ लागली. काठी टेकत चाललेले एक आजोबा तिला मागे टाकून गेले. "मावशी, पुढं जाऊन सांगू का तुम्ही येताय म्हणून?" म्हणाले.

मावशी तडक व्यवस्थापकांकडे गेली. ते चाचरत बोलले, "मिस्त्रींनीच वेग बांधून ठेवलाय. म्हणाले, बाईंचं वय झालंय, कोणाला उडवतील."

मावशी तशीच वळली. खाली आली, गाडीत बसली आणि फाटकाबाहेर पडली. माझी जेवणाची सुट्टी होती, मीही शेजारी बसलो. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. तिने वळूनही पाहिलं नाही. दुकानाच्या दारातच गाडी आडवी लावली, किल्ली काढून कमरेला खोचली.

"वेग वाढव."

"ताई, घरी जा. आजारी माणसं असतात तुझ्या गाडीत."

"आजवर कोणाला खरचटलं?"

"खरचटेपर्यंत थांबायचं का?"

"मग माझ्या तोंडावर सांगायचंस."

"ऐकलं असतंस?"

"नसतं. भांडले असते. तेवढंही ठेवलं नाहीस मला. तेव्हा बाबांच्या कानाशी लागलास, आता साहेबांच्या."

मिस्त्रीही पेटला. "दुकान तुझ्या हाती असतं तर गिऱ्हाइकांशी भांडून केव्हाच बुडालं असतं."

हे अगदीच खोटं नव्हतं. मावशीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"बुडालं असतं. पण मी बुडवलं असतं."

पाण्याचा पंप घेऊन एक गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं. त्याने गाडीला वळसा घालून पाहिला, वाट नव्हती. शेवटी मिस्त्रीने लॅपटॉप आणला, खोक्याला जोडला.

"जुन्या गाडीएवढा केला. झालं समाधान?"

"दाखव." तिने वाकून पडद्यावरचे आकडे वाचले. "परत कोणी खाली आणू नये म्हणून काय करायचं?"

"पासवर्ड घालतात."

"मी घालते. तू तिकडे तोंड कर."

आणि मिस्त्री, स्वतःच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशीने एका बोटाने, सावकाश, अक्षरं दाबली.

"उद्या बिघडली तर माझ्याकडेच येशील," तो भिंतीलाच म्हणाला.

"येईन. तेव्हाही तिकडेच बघायचं."

तसंच चाललंय. गाडीच्या तपासणीला तो येतो, ती पासवर्ड घालते, तो पाठ फिरवतो. निरोप अजून माझ्यामार्फतच.

मागच्या हिवाळ्यात मिस्त्रीचं पोटाचं ऑपरेशन झालं. टाके दाखवायला तो फाटकातून वाकून आला. मावशीने गाडी त्याच्याजवळ नेली.

"बस."

"चालत जाईन."

ती शिवी पुटपुटली, पण पुढे गेली नाही. तो चालला, ती शेजारून गाडी हाकत राहिली. अर्ध्या चढावर त्याने छपराचा दांडा धरला. बसला मात्र नाही. वॉर्डाच्या दारात त्याने दांडा सोडला, तशी तिने गाडी वळवली आणि दुसरे पेशंट घ्यायला खाली आली.