आबांचा तीन चमच्यांचा चहा

आबा गेले आणि आमच्या घरात आरोग्य आलं. ते दादाच्या कंपनीच्या बॅगेतून आलं. दादा सणसवाडीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथल्या कँटीनमध्ये कुणीतरी तब्येतीवर व्याख्यान दिलं, आणि त्या दिवशी तळेगावात घरी येताना त्यानं एक पांढरा बोर्ड, तीन रंगांची पेनं आणि ओट्सचा मोठा डबा आणला. बोर्ड देवघराशेजारी लागला. त्यावर आई, दादा, वहिनी आणि मी अशा चार ओळी आखल्या गेल्या आणि वर लिहिलं, ‘डेली टार्गेट’. टार्गेट चुकलं की त्या ओळीत लाल फुली. देवाला हात जोडायचे तर आता आधी स्वतःच्या चुका वाचाव्या लागत.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. आबांच्या पायाला चप्पल घासून साधी जखम झाली होती. साखरेमुळे ती भरली नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. त्यांच्या दशक्रियेनंतर थोड्याच दिवसांत आईच्या टाचेला भेग पडली. तीही भरेना. शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर आईचीही साखर वाढलेली. तीन महिन्यांत खाली आली नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करू, असं ते म्हणाले. आई सुईला घाबरणारी नाही. पण आबांनाही आधी सुईच लागली होती आणि तो रस्ता कुठं जातो हे आम्ही चौघांनी पाहिलं होतं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण नवरा गेल्यावर बाईनं इतक्यात गावात हिंडू नये, असं भावकीचं मत पडलं. भावकीला साखर नव्हती. मग आम्ही घरातच चालू लागलो. ओसरीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, मागचं अंगण आणि परत ओसरी. पुढे फोनवर पावलं मोजणारा दादा, मागे वहिनी, तिच्यामागे आई आणि शेवटी पुस्तक घेऊन मी. दुखवट्याला आलेली माणसं सतरंजीवर बसून पाय आखडून घेत आणि आम्हाला वाट देत. रडायला आलेल्या बायका आई जवळ आली की हुंदका देत आणि ती आत गेली की थांबत.

दौंडहून आत्या आली, ती दोन फेऱ्या बसून बघत राहिली. तिसऱ्या फेरीला तिनं विचारलं, “कुणाला हुडकताय रं?”

दादाचं पावलांचं मोजणं चुकलं. चौथ्या फेरीला आत्या पदर खोचून आमच्या मागे चालायला लागली.

जेवणाचंही असंच. वहिनीनं ओट्सचं काहीतरी केलं की दादा ते आवडल्यासारखं खाई, आणि कंपनीच्या गाडीत बसण्याआधी नाक्यावर वडापाव खाई. हे मला वडापाववाल्याकडून कळलं. मी बोर्डावर रोज पाच सूर्यनमस्कार लिहीत असे. त्यातले दोन मी खरोखर घालत असे.

दीड महिन्यानं आईची साखर तपासली. ती तसूभरही उतरली नव्हती. दादानं घराचं ऑडिट सुरू केलं. साखरेच्या बरणीवर त्यानं पेनानं रेघ ओढून ठेवली. सगळे बिनसाखरेचा चहा पीत होतो, तरी चार दिवसांत साखर रेघेच्या बरीच खाली गेली. त्यानं बरणी माजघरात आणून ठेवली आणि वहिनीकडे पाहिलं. स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात आहे, एवढंच विचारलं. वहिनी म्हणाली की तिला खायची असती तर तिनं उघड खाल्ली असती, या घरात लपून खायची पद्धत तिनं पाडलेली नाही.

मला माहीत होतं. मी पहाटे वाचत बसतो. सहाच्या सुमाराला आई दोन कप चहा करते. एक तिचा, बिनसाखरेचा. दुसऱ्यात तीन चमचे साखर घालून तो आबांच्या फोटोपुढे ठेवते. वाफ जाईपर्यंत बसते, आणि मग तोही पिते. हे मी कितीतरी दिवस पाहत होतो. दुःखात कुणाला टोकू नये, असं मी पुस्तकांतून शिकलो होतो, आणि माझ्या भित्रेपणाला ते चांगलं शोभत होतं. तिची टाच मात्र पुस्तकं वाचत नव्हती.

“वहिनी नाही,” मी म्हणालो. “आबा अजून तीन चमचे घेतात.”

आईनं मान खाली घातली. “वतून दिऊ व्हय मोरीत? त्यांचा हाय त्यो.”

दादानं बरणी उचलून वहिनीच्या हातात दिली. मग बोर्डापाशी गेला, खाली पाचवी ओळ आखली आणि नाव लिहिलं : आबा. साखरेच्या रकान्यात शून्य.

“जिते व्हते तवा कुणाचं ऐकलं न्हाई त्यांनी,” आई म्हणाली.

“मग आता ऐकतील,” दादा म्हणाला. त्यानं पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही चौघंही फोटोपुढे बसलो होतो. आईनं बिनसाखरेचा कप ठेवला आणि फोटोकडे पाहिलं.

“तोंड वाकडं केलं बघा,” ती म्हणाली. वाफ गेल्यावर तिनं तो कप उचलला, आणि घोट घेऊन स्वतःही तसंच तोंड केलं. वहिनीला हसू आवरेना.

तिसऱ्या महिन्यात साखर थोडी उतरली. सुई आत्तापुरती टळली, टाचेची भेगही मिटत आली आहे. बोर्डावर आम्हा चौघांच्या ओळींत फुल्याच फुल्या असतात. आबांच्या ओळीत अजून एकही नाही. महिना संपला की दादा बोर्ड पुसतो, तेव्हा ती एक ओळ सोडून पुसतो.