चौथ्या मजल्यावरचे हॉप्स

तेलाचे भाव पडले त्या वर्षी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरची, तेल कंपनीत कूलिंग प्लांट सांभाळायची माझी नोकरी गेली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा, संध्याकाळी त्याच बसने परत यायचं, यापलीकडे पंधरा वर्षांत मी काही केलं नव्हतं. नंतरचे सात महिने अर्ज करण्यात गेले. मुलाखत घेणारे माझ्याहून वीस वर्षांनी लहान असायचे आणि फार नम्रपणे नाही म्हणायचे. त्या नम्रपणाचाच शीण यायचा.

मग एका ओळखीतून भाजीच्या शेतावर काम मिळालं. शेत म्हणजे एका औद्योगिक इमारतीचा चौथा मजला. लोखंडी मांडण्या, त्यांवर ट्रे, वर दिवे, आणि ट्रेमध्ये लेट्यूस. मालकीणबाई पासष्टीच्या, चिनी सिंगापूरकर. पगार आधीच्या निम्मा. "तुला कूलिंग समजतं ना?" एवढंच त्यांनी विचारलं. बोलणं इंग्रजीतच होतं, पण सूर असा की माझ्या कानाला ते 'तू'च ऐकू आलं.

"समजतं."

"मग उद्यापासून ये."

दुसऱ्या दिवशी कळलं, मला लेट्यूससाठी घेतलेलंच नव्हतं. मागच्या रिकाम्या हॉलमध्ये त्यांना हॉप्स लावायचे होते. हॉप्स ही बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेल. तिची फुलं म्हणजे हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडं. ती वाढते थंड देशांत. सिंगापुरात तेव्हा छोट्या छोट्या ब्रुअरी निघत होत्या आणि सगळ्यांचे हॉप्स बोटीने नाहीतर विमानाने यायचे.

"तेच इथे पिकवले तर?" बाई म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात मी हिशेब मांडला. या वेलीला उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो. सिंगापुरात बारा महिने बारा तासांचा दिवस, म्हणजे सतरा तास दिवे लावणं आलं. दिव्यांची उष्णता बाहेर काढायला एसी, म्हणजे एकाच उजेडाचं बिल दोनदा भरायचं. शिवाय वर्षातून काही आठवडे मुळं थंडीत ठेवायची, त्यासाठी कोल्ड रूम. आणि एवढं करून स्पर्धा कोणाशी, तर ज्यांना सूर्य फुकट मिळतो त्यांच्याशी.

कागद बाईंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "आता उगवून दाखव."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं आणि पगार हवा होता. त्यामुळे जे काम परवडणार नाही हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं, ते मी दोन वर्षं केलं.

पहिलं वर्ष वाया गेलं. दिव्यांच्या वेळा मी चुकवल्या. वेली जेमतेम कमरेएवढ्या झाल्या आणि चार बोंडं धरून थांबल्या. मग पानांवर लाल कोळी नावाची कीड पडली. पानं उलटी करकरून फवारायची, म्हणजे दिवसभर मान वर. संध्याकाळी पुंगोलच्या फ्लॅटवर आलो की बायको मानेला बाम चोळायची.

"अहो, तुम्ही नक्की इंजिनिअर आहात की माळी?" ती एकदा म्हणाली. चेष्टेने नव्हे, खरंच विचारत होती.

"मलाही कळेनासं झालंय," मी म्हणालो.

मुलगी शाळेची वही आवरत म्हणाली, "बाबा, यू स्मेल लाइक ग्रास लाह."

दुसऱ्या वर्षी जमलं. मी वेलींना छतापर्यंत चढू दिलं, मग दिव्यांचे तास कमी केले. तीन आठवड्यांत दोऱ्या-दोऱ्यांवर बोंडं लटकली. चुरडलं की आतून पिवळी भुकटी निघे. तिचा वास बोटांना दोन दिवस राहायचा, आंबेहळदीच्या जवळचा, पण तिखट. आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण असा आनंद झाला की आधी बसायला खुर्ची शोधावी लागते.

परदेशात हे तोडायला यंत्रं असतात. आमच्याकडे हात होते. लेट्यूसवरची माणसं आली, बाई आल्या, रविवार म्हणून माझी बायकोही आली. वेलीला बारीक काटेरी लव असते. दुपारपर्यंत सगळ्यांच्या हातांवर लाल ओरखडे उठले. एका वेलीला तासाहून जास्त वेळ जाई. संध्याकाळी सगळी बोंडं मिळून कापडाच्या दोन मोठ्या पिशव्या भरल्या, आणि उचलल्या तर हलक्या.

त्या न्यायला ब्रुअरीवाला आला. बँकेतली नोकरी सोडून बिअर करायला लागलेला तरुण, बोलायला सरळ. त्याने मूठभर बोंडं नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"सुरेख आहेत," तो बाईंना म्हणाला. "या खेपेला तुम्ही म्हणाल ती किंमत देतो. पाटीवर 'सिंगापुरात पिकलेले हॉप्स' असं लिहीन, लोक येतील."

"आणि पुढच्या खेपेला?" मी विचारलं.

तो जरा ओशाळला. "पुढच्या खेपेला ते नवं राहणार नाही ना. मला बाहेरून हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्यांची पाकिटं मिळतात. कडवटपणा किती ते वर छापलेलं असतं. बिअरचं प्रत्येक पिंप सारखं निघतं. तुमच्या किमतीच्या चौथाईत मला ती पडतात. वर्षातून एकदा हौस म्हणून ठीक आहे."

वर्षातून एकदाच्या हौशीवर सतरा तास दिवे जळत नाहीत. बाईंनी मला त्याच्या पिशव्या लिफ्टपर्यंत नेऊ लागायला सांगितलं.

चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "हॉल रिकामा कर. तिथे पालक लावू."

वेली मीच उपटल्या. मुळं कुंड्यांतून सुटेनात. अर्धं काम झाल्यावर बाई आल्या, पालथ्या क्रेटवर बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या वडिलांची ऑर्किडची बाग होती, तेव्हा शहराबाहेर असलेल्या जमिनीवर. भाडेपट्टा संपला, जमीन सरकारने परत घेतली, तिथे इमारती झाल्या. पुढे त्यांनी भाजीचा धंदा केला आणि चांगला केला.

"पण लेट्यूसला फूल येऊ देत नाहीत," त्या म्हणाल्या. "फूल आलं तर माल गेला. पंचवीस वर्षं मी फुलं यायच्या आतच सगळं कापत आले. मला एक तरी फुलणारं काही हवं होतं, ज्याला विकत घेणाराही असेल."

"मग ऑर्किड का नाही लावले?"

"ऑर्किड माझ्या बाबांसारखे मला कधीच जमले नसते."

मी हातमोजे काढले. "हे आधी सांगितलं असतंत तर?"

"तर तुला माझी दया आली असती," त्या म्हणाल्या, "आणि तू खोटा हिशेब मांडला असतास."

मला हसू आलं, त्यांनाही. मग त्या उठल्या आणि दुसऱ्या टोकाकडून वेली ओढू लागल्या. पासष्टीच्या बाई, पण हाताला जोर होता. पाच वाजता हॉल मोकळा झाला.

तिथे मी आणखी दीड वर्ष काढलं, पालक आणि लेट्यूसवर. मग तोआ पायोहच्या एका ऑफिस इमारतीत कूलिंग प्लांट सांभाळायचं काम मिळालं, पगार थोडा बरा. निरोप देताना बाईंनी हात हातात घेतला नाही, फक्त सांगितलं, "मान जप."

वेली उपटल्या त्या संध्याकाळी पुंगोलला एलआरटीत बसलो आणि झोपलो. ती गाडी गोल फिरून पुन्हा तिथेच येते. जागा झालो तेव्हा दोन फेऱ्या झाल्या असाव्यात. खिशात फोन वाजत होता. बायको विचारत होती, भात टाकू का, की अजून वेळ आहे. मी म्हणालो, टाक.