निळी पडलेली भिंत

आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि तोंड असं फटकळ, की गिऱ्हाईक पळूनच जावं. तरी लोक यायचे. घरातल्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत माणूस माणसासारखा दिसायला हवा असेल, तर तो बाबांच्याच हातून. फिल्मचा जमाना होता. बल्बच्या उजेडात फिल्मवर सगळं पिवळंधमक यायचं, ट्यूबलाइटखाली हिरवट. बाबा बल्बसाठी लेन्सवर निळा फिल्टर चढवायचे, ट्यूबसाठी गुलाबी.

प्रिंट आली की आधी पांढरं शोधायचे. टेबलक्लॉथ, कॉलर, भिंत, काहीही. "पांढरं पांढरं आलं ना? मग बाकीचे रंग खरे. तिथं वाद नाही." हे पालुपद ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आईचा मात्र एक धड फोटो नव्हता. "जगाचे चेहरे उजळून झाले की माझा नंबर लावा," म्हणायची. शेवटी लग्नाला तीस वर्षं झाली त्या संध्याकाळी बाबांनी तिला सोफ्यावर बसवलं, निळा फिल्टर लावला आणि फोटो काढला. तेव्हा तिचं जेवण कमी झालं होतं, अंगाला खाज सुटायची. वय झालं, म्हणून आम्ही सोडून दिलं.

प्रिंट आली. भिंत पांढरी, सोफ्याचं कव्हर पांढरंशुभ्र, आणि आईचा चेहरा पिवळा. बाबा बराच वेळ भिंगातून बघत होते. मग म्हणाले, "लॅबवाल्यांनी माती खाल्ली." फोटो पुन्हा छापायला गेला. दुसऱ्या प्रिंटमध्ये आई छान दिसत होती, मागची भिंत तेवढी निळी पडली होती. सगळ्यांनी वाखाणला तो फोटो.

सात आठवड्यांनी डॉक्टरांनी आईला खिडकीशी नेऊन, दुपारच्या उन्हात तिचे डोळे पाहिले. कावीळ होती, आणि मुळाशी पित्ताच्या नळीत गाठ. "पिवळेपणा कधीपासून आहे?"

"असेल चार-आठ दिवस," आई म्हणाली.

बाबांनी फोटोची तारीख सांगितली. डॉक्टर बाबांना बाहेर नेऊन म्हणाले, तेव्हा आणलं असतंत तर ऑपरेशन करता आलं असतं.

तीन महिन्यांत आई गेली. भेटायला आलेली आत्या समजूत काढत होती, "दादा, रोज डोळ्यांसमोरचं माणूस. कुणाला कळतंय?"

"मला दिसलं होतं," बाबा म्हणाले. "फिल्मनं खरं सांगितलं आणि मीच ते खोडायला लावलं."

मामा उठून बाहेर गेला, तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. नातेवाइकांनी पुढं कितीतरी वर्षं बाबांना टोचून खाल्लं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा माणूस, पण यावर त्यांनी कधी उलटून उत्तर दिलं नाही.

लॅबच्या पाकिटावरची सूचना मी लिहिली होती, "चेहऱ्यातला पिवळा काढा." लिहिताना भिंत मीही पाहिली होती. बाबा, भिंत तर पांढरी आहे, हे ओठांवर आलं होतं. पण कशाला त्यांचा ओरडा खा, म्हणून गिळलं. मी अडखळले, हे बाबांनी पाहिलं होतं. मरेपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आणि मीही गप्प बसले.