छातीवरचे सहा टिपके

मी डॉक्टर नाही. म्हैसूरच्या एका नर्सिंग होममध्ये ईसीजी काढते, अठरा वर्षं झाली. पण मशीनमधून कागद बाहेर सरकताना मला जे दिसतं ते दिसतं, आणि बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. घरचे याला आगाऊपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

माझे वडील कापडावर ठसे उठवायचे, आमच्या घराण्यातले शेवटचे. ठशाच्या कोपऱ्याशी एक बारीक टिपका असायचा. पुढचा ठसा त्या टिपक्यावर नेमका बसला की नक्षी जुळायची. मीही तसंच करते. ईसीजीच्या सहा तारा छातीवर जिथे लावते, तिथे बॉलपेननं सहा टिपके देते. थोड्या वेळानं दुसरा ईसीजी काढायची वेळ आली तर तारा त्याच जागी बसतात. मग कागदावर काही बदललेलं दिसलं तर ते हृदयातच बदललंय, माझ्या हातामुळे नाही. हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी ड्यूटीवर आले तेव्हा बाकावर बन्नूरची एक बाई सुनेबरोबर बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यात मोगरा, कपाळावर घाम. सकाळपासून छाती जड वाटत होती, पण तिचं एकच म्हणणं होतं की हा गॅस आहे. ईसीजी झालेला होता. ड्यूटी डॉक्टरांनी तो नॉर्मल म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि ती तीनच्या बसनं गावी निघणार होती. मी सवयीनं तिची फाईल उघडली.

छातीवरच्या दुसऱ्या तारेची पट्टी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. ठोक्याच्या सुरुवातीची छोटी लाट तिथे पूर्ण उलटी उमटली होती. तारा दोन बोटं वर लागल्या की बहुतेक वेळा असंच होतं. कारणही मला ठाऊक होतं. सकाळच्या पाळीला पुरुष टेक्निशियन असतो. बाईनं ब्लाउजचे हुक काढायला नकार दिला असणार, आणि त्यानंही मान खाली घालून जमेल तिथे तारा चिकटवल्या असणार. दोघंही भले, दोघंही लाजरे. असे ईसीजी आमच्याकडे कितीतरी निघतात आणि दिसायला छान दिसतात.

ड्यूटी डॉक्टर नवे होते, पुण्याकडचे. माझ्या कन्नड मिसळलेल्या मराठीला रोज हसायचे.

"सर, हे सरी नाही, बरोबर नाही. तारा वर लागल्यात. मी मत्ते एकदा काढते, त्यांना स्वल्प थांबवा."

"ताई, मशीननं नॉर्मल दिलंय. त्यांची बस जाईल."

"बस उद्यापण आहे अल्वा, सर?"

माझ्या 'अल्वा'ला, म्हणजे 'नाही का'ला, या वेळी ते हसले नाहीत. काढा म्हणाले. नको म्हणाले असते तरी मी काढलाच असता.

पडद्याआड बाईनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझा तोल गेला. मी कन्नडमध्ये तिला म्हटलं, "माझ्यापुढे लाजायचं आणि घरी जाऊन मरायचं, असं ठरवलंयस का?" बोलून गेल्यावर जीभ चावली. पण तिनं हुक काढले.

मी बरगड्या मोजल्या, सहा टिपके दिले, ईसीजी काढला. छोटी लाट आता सरळ आली होती, पण ठोक्यानंतरची रेषा किंचित उचललेली वाटत होती. डॉक्टरांनी मान तिरकी केली. त्यांना खात्री वाटेना. त्यांनी बाईला तिथेच निजवून ठेवायला सांगितलं. दहा मिनिटांनी त्याच टिपक्यांवर मी पुन्हा तारा लावल्या आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. बाकी सगळं जुळत होतं. तीन तारांमध्ये तेवढी ती रेषा पुरते दोन चौकोन वर चढली होती.

"अटॅक आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले आणि धावले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आमच्याकडेच दिलं गेलं, मग अँब्युलन्सनं तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ती वाचली.

मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. घरी गेल्यावर ही हकीकत दोनदा सांगितली. वडिलांचं कसब त्यांच्याबरोबर संपलं असं सगळे नातेवाईक म्हणायचे. मीही म्हणायचे. त्या दिवसापासून म्हणत नाही. डॉक्टर आता कोणत्याही बाईचा ईसीजी हाती आला की आधी दुसऱ्या तारेची पट्टी बघतात. माझ्या मराठीला अजून हसतात, पण जरा कमी.

दोन महिन्यांनी ती बाई तपासणीला आली. मी पडदा ओढायच्या आत तिनं हुक काढले होते. मी खिशात पेन शोधत होते, तोवर तिनं आपलं बोट छातीवर टेकवलं आणि विचारलं, "इल्ले अल्वम्मा?" इथेच ना, बाई?

मी बरगड्या मोजून पाहिल्या. टिपक्याची जागा तीच होती.