न रंगवलेली धून

गुरुवारी माझा भाऊ वारला. सकाळी तो रोह्याला कंपनीत शिफ्टला गेला. अकरा वाजता कंपनीतला माणूस घरी आला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की हृदय थांबलं. मी पेणला शाळेत होते. शिपायाने निरोप आणला. मी एसटीने रोह्याला गेले.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी शाळेत ग्रंथपाल होते, पेणलाच रामवाडीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी रोह्याला जायचे. आई आधीच गेलेली. घरात वडील आणि तो. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार होती, पण अॅम्प्लिफायर वडिलांनी घरात येऊ दिला नाही. "कर्णे लावायचे तर मांडवात जा," असं ते एकदा म्हणाले आणि विषय संपला. म्हणून तो गिटार कशालाच न जोडता वाजवायचा. अशी गिटार अगदी बारीक वाजते. शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ निवडत असावं आणि खडे ताटलीत टाकत असावं, तशी. मी वाचत बसलेली असायचे आणि तो खिडकीपाशी त्याची स्वतःची एक धून घोळवत असायचा. त्या धुनेत एक चढण होती. तिथे त्याची करंगळी पोचायची नाही, एक स्वर मुका पडायचा. तो 'च्' करायचा आणि पुढे जायचा. कधीही ऐका, तिथे तो स्वर मुका.

रविवारी तो पेणजवळ हमरापूरला मित्राकडे जायचा. मित्राच्या घरचा गणपतीचा कारखाना. कारखान्यामागच्या खोलीत मित्राने भिंतींना गोणपाट ठोकून रेकॉर्डिंगची जागा केली होती. धून तिथे रेकॉर्ड झाली आहे, एवढं भावाने मला सांगितलं होतं.

तेराव्यानंतर वडील मला म्हणाले, "तो काय वाजवायचा ते आण एकदा. मोठ्याने ऐकू." दोन आठवडे ते फारसं काही बोलले नव्हते. मी आणते म्हणाले.

हमरापूरला गेले तर मित्र दारातच उभा राहिला. "नाय झाली अजून ताई. काम बाकी हाय."

"रेकॉर्ड झाली म्हणाला होता तो."

"झाली. पण देण्यासारखी नाय."

वाजवणारा माणूस गेला, आता कसलं काम बाकी? मी विचारलं नाही. पण त्याने चहाचा कप पुढे केला तेव्हा मी त्याची बोटं पाहिली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना घट्टे होते, भावाच्या होते तसेच. म्हणजे हाही गिटार वाजवत होता. भावाने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

माघात पुन्हा गेले. कारखान्यात नवा कॉम्प्रेसर आला होता, मूर्तींवर रंग फवारायचा. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, झेंडूचा हार अजून सुकला नव्हता. मित्राची आई मला तो कौतुकाने दाखवत होती. "आजपर्यंत हातानं मारला गो रंग. आता बघ कसा सुसाट." यंत्र ढग ढग ढग करत होतं, मध्येच थांबून लांब सुस्कारा सोडत होतं. मित्र आतून आला, मला पाहून परत आत गेला, आणि खण ओढून बंद केल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. बाहेर येऊन म्हणाला, "चैत्रात देतो, ताई. नक्की."

चैत्रात तो खरंच रामवाडीला आला. कॅसेट देऊन चहासुद्धा न घेता गेला.

मी दार लावून ती लावली. आवाज मोठा, भरलेला होता. एकेक स्वर लांब जाऊन परत येत होता, देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तसा. धून तीच. मी चढणीची वाट पाहत बसले. चढण आली, आणि स्वर वाजला. स्वच्छ. मी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा वाजला.

मग शेवटी, गिटार थांबल्यावर दोन क्षण मागचा आवाज तेवढा राहिला. ढग ढग ढग, आणि एक लांब सुस्कारा.

मी वहीत लिहून काढलं. माझी सवयच तशी आहे. एक, भाऊ मार्गशीर्षात गेला. दोन, कॉम्प्रेसर माघात आला. तीन, भावाला जो स्वर कधी जमला नाही तो या कॅसेटवर जमला आहे. चार, मित्राची बोटं. याच्यापुढे मी काही लिहिलं नाही. दुसऱ्याने वाजवलेलं भावाचं म्हणून वडिलांना ऐकवायचं, या विचाराने मला जेवण गेलं नाही. त्या शनिवारी मी रोह्याला गेलेच नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला.

रविवारी सकाळी हमरापूरला पोचले. कारखान्यात शेकडो मूर्ती पांढऱ्याच उभ्या होत्या. मित्राची आई मूर्तीच्या सोंडेला पॉलिशपेपर घाशीत बसली होती. "काय गो, कॅसेट मिळाली ना? आता काय माझ्या पोरालाच न्यायला आलीस?"

मी मित्राला म्हणाले, "ही कुणी वाजवली आहे?"

त्याने हात फडक्याला पुसले.

"कॉम्प्रेसर यायच्या आधी माझा भाऊ गेला. त्याच्या वाजवण्यामागे कॉम्प्रेसर कसा?"

तो कपाळाला हात लावून खाली बसला. आई हसायला लागली. "सांगत होते ना, मशीन बंद करते म्हणून! तुला ऐकू येत नाय, हिला येतं."

"ताई, आत या," तो म्हणाला.

आत चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर होता. जमिनीवर पायाने दाबायचे तीन लोखंडी डबे, इको आणि आणखी काही, आणि कोपऱ्यात अॅम्प्लिफायर. शिफ्टमुळे भावाला वेळ थोडा मिळायचा, तो सांगू लागला. आवाज जमवण्यात दिवस जायचा. म्हणून गिटारची वायर सरळ रेकॉर्डरला जोडायची आणि नुसतं वाजवणं उतरवून घ्यायचं. त्याला ते ड्राय म्हणायचे. भाऊ परत गेला की हा ते वाजवणं रेकॉर्डरमधून बाहेर काढायचा, या डब्यांतून फिरवून अॅम्प्लिफायरमध्ये सोडायचा, आणि समोर माइक ठेवून दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायचा.

"म्हणजे तो नसताना त्याची गिटार वाजते?"

"व्हय. त्यानं वाजवलेलीच. खोलीत जे काय चालू असेल ते माइकात जातं, एवढंच."

माझा विश्वास बसला नाही. मी म्हणाले, "माझ्यासमोर करा." त्याने केलं. अॅम्प्लिफायरमधून गिटार सुरू झाली, बाहेर कॉम्प्रेसर चालूच होता, आणि मी मुद्दाम माइकपाशी जाऊन खोकले. मग त्याने नवं रेकॉर्डिंग ऐकवलं. भाऊ वाजवत होता आणि मी खोकत होते. तो जाऊन चार महिने झाले होते.

पण वहीतला तिसरा मुद्दा राहिला होता. "आता ड्राय ऐकवा."

"ते नको, ताई."

"का नको?"

"ते कच्चं हाय."

"मला कच्चंच हवंय."

तेवढ्यात आई दारात आली, हात पांढरे. तिनेच त्याची बाजू घेतली. "पोरी, कच्ची मूर्ती आम्ही व्यापाऱ्याला देतो, ट्रक भरून. घरच्या माणसाला नाय देत. डोळे आखल्याबिगर मूर्ती कुणाच्या घरात गेलीय का? तो तेच करत होता इतके दिवस."

हे तो मला पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. पण त्यांच्या कारखान्यात ही वेगळी सांगायची गोष्टच नव्हती.

त्याने तो खण उघडला, ब्रशांखालून कॅसेट काढली आणि सगळे डबे बाजूला करून ती नुसती लावली. बारीक, कोरडा आवाज. खिडकीपाशी बसलेला माझा भाऊ. चढण आली. स्वर मुका पडला. 'च्' मात्र ऐकू आलं नाही, कारण वायरमधून माणसाचा आवाज जात नाही. ते माझ्याच तोंडून निघालं.

"तो मुका स्वर तुम्ही काढून टाकलात," मी म्हणाले.

"भोक होतं तिथं. साच्यातून मूर्ती निघते तेव्हा कुठंतरी भोक राहतंच. ते लिंपल्याशिवाय रंग नाय देत." त्याने खाली बघत सांगितलं. "त्यानं दोनदा वाजवलं होतं. दुसऱ्या वेळी तो स्वर जमला होता. तेवढा तुकडा तिथं बसवला."

"ते दुसऱ्या वेळचं रेकॉर्डिंग अजून आहे का?"

"त्यावर नंतर दुसरं रेकॉर्ड केलं."

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याने हात मांडीखाली घेतले, की सहजच हलवले, मला ठरवता आलं नाही.

साध्या टेपरेकॉर्डरवर चालेल अशी ड्रायची कॉपी मी त्याच्याकडून करून घेतली आणि ती होईपर्यंत जागची हलले नाही. निघताना आई म्हणाली, "डोळे नसलेला देव नेतेस गो." मी हो म्हणाले.

संध्याकाळी रोह्याला वडिलांसमोर दोन्ही कॅसेट ठेवल्या. आधी रंगवलेली लावली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "चांगलं आहे. कोण आहे हा?" मी दुसरी लावली. पहिल्या चार स्वरांनंतर त्यांनी हात पुढे करून आवाज वाढवला, होता तेवढा सगळा. मुका स्वर आला तेव्हा म्हणाले, "इथेच अडायचा." त्यांनी कधी ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

वडील नंतर चार वर्षांनी गेले. तो लिंपलेला एक स्वर कुणाचा, हे मी मित्राला पुन्हा विचारलं नाही. तो भेटला की चौकशी करतो, मी बरी आहे म्हणते, आणि अजूनही माझं लक्ष त्याच्या हाताकडे जातं.

दोन्ही कॅसेट माझ्याकडे आहेत. रंगवलेली मी लावत नाही. दुसरीवर तो स्वर अजून मुका आहे.